ऑइल जेवणारी गाडी

वारलू रामटेके भित्रा माणूस होता. सगळ्या मोहटोल्याला हे ठाऊक होतं, त्याच्या बायकोला सगळ्यांच्या आधीपासून ठाऊक होतं, फक्त तो स्वतः कधी तोंडाने बोलला नाही. विहिरीत वाकून पाहायचा नाही. कचेरीत सही करायची म्हटली की पेन आधी धोतराला पुसून घ्यायचा, म्हणजे मधल्या वेळात साहेबाने कागद परत मागितला तर बरंच. फटफटीवरचा पोलीस दिसला की हा आपला उगाच रस्ता सोडून उभा राहायचा; पोलिसाला वाटायचं, याने काहीतरी केलं असणार. केलेलं कधीच काही नसायचं.

अशा माणसाच्या दारात अख्ख्या चांदा जिल्ह्यात दुसरी नसेल अशी गाडी उभी होती. देणाऱ्याने माणूस पाहूनच दिली, पण ते लोकांना पटायचं नाही.

देणारे होते श्रीहरी डॉक्टर. ब्रह्मपुरीला त्यांचा हाडांचा दवाखाना. आधी बारा वर्षं ते आफ्रिकेत, झांबियाला होते. पंच्याहत्तर साली परत आले ते बोटीतून एक पिवळी जपानी गाडी घेऊन. दोन दारांची, जमिनीला टेकलेली, पुढे गोल गोल चार दिवे. गावच्या बायकांनी पहिल्याच दिवशी तिचं नाव बेडकी ठेवलं आणि तेच टिकलं. डॉक्टरांना ड्रायव्हर हवा होता. चार तगडे गडी येऊन गेले, कुणी ट्रक चालवलेला, कुणी घाटात बस चालवलेला. डॉक्टरांनी वारलूला घेतलं, जो गाडीत बसायच्या आधी चाकं मोजत होता.

"मला भित्राच माणूस पाहिजे," डॉक्टर म्हणाले. "शूर ड्रायव्हरांची हाडं मी रोजच जोडतो."

पहिल्या दिवशी त्यांनी वारलूला बॉनेटपाशी उभं केलं. आत पिस्टन नव्हते. वर-खाली होणारं काहीच नव्हतं. डॉक्टरांनी पानाचा डबा काढला, एक तिकोनी विडा बांधला आणि तो बोटांत धरून वाटीत गोल फिरवून दाखवला. "हे बघ, आत असा लोखंडी विडा आहे. तो गरगर फिरतो. त्याच्या तीन टोकांवर तीन बारीक पट्ट्या आहेत, त्या भिंतीला घासत जातात. सगळा जीव त्या पट्ट्यांत. त्यांना तेल लागतं, म्हणून ही गाडी स्वतःच थोडं थोडं ऑइल ओढून घेते आणि जाळते. धूर निळा येतो. येऊ दे."

गॅरेजच्या भाषेत 'गाडी ऑइल खाते' म्हणजे इंजिनाचं काम निघालं, बोअर गेला, मालक बुडाला. वारलूने भीत भीत विचारलं, "म्हंजे डॉक्टरसाहेब, हे नवीपासूनच ऑइल खाते?"

"खात नाही रे. जेवते. तू दोन वेळा जेवतोस, तुला कुणी म्हणतं का, याचं इंजिन गेलं म्हणून?"

मग त्यांनी तीन गोष्टी सांगितल्या. पेट्रोल भरशील तेव्हा तिचं ऑइल बघ, कमी झालं असेल तेवढं घाल, उपाशी ठेवू नको. थंड गाडी सुरू करून लगेच बंद करू नको. पेट्रोलने गुदमरते, मग बापाचं ऐकत नाही. आणि आठवड्यातून एकदा तिला मोकळ्या रस्त्यावर जीव खाऊन पळव, नाहीतर आत काजळी धरते. फार पळवलीस तर ती स्वतःच भोंगा वाजवून सांगेल की बास.

पहिल्या दोन गोष्टी वारलूने देववाक्यासारख्या पाळल्या. तिसरी त्याने एकदाही पाळली नाही. डॉक्टर स्वतः चालवायला बसले की सिंदेवाहीच्या रस्त्याला काटा पार पलीकडे न्यायचे, डॅशबोर्डातून भोंगा केकाटायचा, आणि शेजारी बसलेला वारलू डोळे मिटून दार धरून बसायचा. स्वतःच्या हाती आली की चाळीसच्या वर काटा जायचा नाही. डॉक्टर विचारायचे, "पळवली का रे?" हा म्हणायचा, "हो जी." आयुष्यात तो एवढं एकच खोटं बोलला, पण दर आठवड्याला बोलला.

एक्याऐंशी साली डॉक्टर गेले. तेराव्या दिवशी त्यांचा नागपूरचा मुलगा कागद घेऊन मोहटोल्याला आला. बाबांनी लिहून ठेवलंय, गाडी वारलूला द्यायची. सोबत पत्र्याची एक पेटी होती. आत ऑइलच्या कागदात गुंडाळलेल्या पट्ट्यांचे दोन संच, आठ प्लग, आणि डॉक्टरांच्या अक्षरात एक चिठ्ठी: जेवण चुकवू नको. वारलू पेटी मांडीवर घेऊन रडला. लोकांना वाटलं डॉक्टरांच्या आठवणीने रडतोय. तेही होतंच, पण निम्मं रडू भीतीचं होतं.

भीती कशाकशाची नव्हती? पार्ट तुटला तर कुठून आणायचा याची. आरटीओची. पोरांनी आरसा मोडण्याची. आणि एक भीती अशी होती की तिला नावच देता येत नव्हतं. पाटलाच्या दारावरून जाणाऱ्या ज्या रस्त्यावरून त्याचा बाप छप्पन सालाआधी चपला हातात घेऊन चालला होता, त्याच रस्त्यावरून तो आता पिवळ्या गाडीत बसून जाणार होता. कायदा होता, दीक्षा झाली होती, पाटलाचा नातू स्वतः येऊन 'वारलूभाऊ, एक चक्कर मारू द्या' म्हणायचा. तरी तिथून जाताना वारलू गिअर असा बदलायचा की आवाज होऊ नये. पोटाला तो भाताच्या गिरणीवर मेटॅडोर चालवायचा. बेडकी फक्त रविवारी निघायची, ब्रह्मपुरीपर्यंत, पेट्रोल भरायला आणि परत.

पण जपली तिला. डोळ्यांत तेल घालून जपली म्हणतात ते इथे निम्मं खरं होतं, कारण उरलेलं तेल गाडीत जायचं. डिकीत पाच लिटरचा ऑइलचा डबा कायम. रोज सकाळी ऑइलची कांडी काढून, पुसून, परत घालून, परत काढून पाहायची. रोज तिला सुरू करायचं आणि तापमानाचा काटा मधोमध येईपर्यंत बंद करायचं नाही. तेवढ्यात अंगणात निळा धूर भरायचा, आणि त्याची बायको गिरजाबाई नाकाला पदर लावून ओरडायची, "जेवली का माही सवत?" शेजारच्या देवरावने सांगितलं, गाडीला लिंबू-मिरची बांध, एवढ्या नजरा लागून राह्यल्या. गिरजाबाईने त्याला तिथल्या तिथे गप्प केलं. बाबासाहेबांनी सोडवलं ते पुन्हा बांधायचं नाही, असं तिचं म्हणणं. वारलूला मनातून लिंबू हवं होतं. त्याने त्याऐवजी डिकीत ऑइलचा दुसरा डबा ठेवला.

गिरजाबाई कशालाच भीत नसे. दोघांतला सगळा धीर तिच्या वाट्याला आला होता आणि सगळी भीती त्याच्या. त्यावर त्यांचा संसार तीस वर्षं नीट चालला होता.

सन शहाऐंशीचा ऑगस्ट. रोवणा जोरात होता. धानाची रोपं लावायला माणूस मिळत नव्हता, म्हणून गिरजाबाईचा धाकटा भाऊ झिंगू शनिवारीच मदतीला आला होता. झिंगू आरागिरणीच्या ट्रकांचा मेकॅनिक. हात सोन्याचा, मन लोण्याचं, आणि डोक्यात एकदा आलं की निघायचं नाही. सोमवारपासून वारलू अंधारातच शेतावर निघायचा, म्हणून सकाळी गाडी सुरू करायचं काम झिंगूकडे होतं. मंगळवारी सकाळी नऊच्या सुमाराला बांधीतल्या चिखलात रोपं लावता लावता गिरजाबाई धुऱ्याच्या उंचवट्यावर चढली आणि गवतातल्या घोणशीवर तिचा पाय पडला.

घोणस कुकरच्या शिट्टीसारखी फुसकारते. ते सगळ्यांनी ऐकलं, गिरजाबाईने सोडून, कारण ती गाणं म्हणत होती.

घोट्याच्या वर दोन दात. पंधरा मिनिटांत पाय सुजून वर चढला. तिला खाटेवर घालून गावच्या दवाखान्यात नेलं. तिथला कंपाउंडर समजूतदार माणूस होता. त्याने पाय हलू नये म्हणून काठी लावून बांधला आणि वारलूला बाजूला घेतलं. "भाऊ, हे रक्तावर जाणारं विष हाये. याची सुई चांद्याच्या मोठ्या दवाखान्यातच भेटन. रक्त पातळ व्हाच्या आधी पोचा. एसटी पाहू नका."

चांदा म्हणजे सत्तर मैल. एसटीला चार तास. देवराव म्हणाला, पलीकडच्या टोल्यावरच्या वस्तीत मंत्र जाणणारा बाबा आहे, तोवर त्याला तरी बोलवू. वारलूला तेवढंच हवं होतं, कुणीतरी दुसऱ्याने काहीतरी करावं. त्याने मान हलवलीसुद्धा. पण खाटेवरून गिरजाबाईचा आवाज आला.

"बाबा-फिबा काई नाई. गाडी काढा."

तिला पुढच्या सीटवर पाठ टेकवून बसवलं. मागची सीट नावापुरती. झिंगू तिथे गुडघे छातीशी घेऊन बसला आणि मागून बहिणीचे खांदे धरून राहिला. वारलूने किल्ली फिरवली. बेडकी पहिल्या झटक्यात सुरू झाली. गाव जमलं होतं, कुणीतरी म्हणालं, "आज त धूरही नाई, वारलूभाऊ. गाडी सुधरली तुमची."

वारलूने आरशात पाहिलं. खरंच धूर नव्हता. अकरा वर्षांत असं कधी झालं नव्हतं. पण बायकोचा पाय समोर दिसत होता, मांडीपर्यंत चढलेला, आणि त्याने गिअर टाकला.

सिंदेवाहीपर्यंत काटा चाळीसवर होता. पावसाने रस्ता धुपला होता, खड्ड्यांत पाणी होतं, आणि वारलू प्रत्येक खड्ड्याला थांबून नमस्कार केल्यासारखा हळू जात होता. झिंगू मागून म्हणाला, "भाऊजी, थोडं जोरानं." वारलू म्हणाला, "हो." काटा बेचाळीसवर गेला. त्याचे डोळे रस्त्यावर कमी आणि मागच्या आरशात जास्त होते. धूर नाही. अजून नाही. पट्ट्यांना तेल मिळत असेल तर धूर यायलाच पाहिजे. सिंदेवाही ओलांडून जंगल लागलं, दोन्ही बाजूंनी साग ओला होऊन काळा दिसायला लागला, तेव्हा त्याला राहवलं नाही.

"झिंगू, गाडीचा धूर नाई दिसून राह्यला."

"दिसनच नाई," झिंगू म्हणाला. आवाजात एवढं सगळं चाललं असतानाही थोडा आनंद होता. "रविवारी तुमी बांधीत गेलते नं, तवा म्या पाह्यलं. कारबोरेटरमंदी दोन बारीक नळ्या ऑइल टाकून राह्यल्या होत्या. कोनं लावल्या का मालूम. म्या सागाच्या काड्या तासून दोन्हीत ठोकून देल्या. मनलं, भाऊजीले सांगाचं नाई, आपोआप दिसन. तुमची गाडी ऑइल खात होती नं, आता नाई खात."

वारलूला वाटलं आपण स्टिअरिंगवरच पडतो. अकरा वर्षं ज्याची भीती बाळगली, पोलिसाची, पार्टची, नजरेची, त्यातलं काहीच आलं नाही. आला तो मायेचा मेव्हणा, सागाच्या दोन काड्या घेऊन. आणि रविवारपासून ती उपाशी होती. रविवारी, सोमवारी, आज, लोखंडी विडा कोरड्या भिंतीला घासत होता, आणि आज त्याच्यावर गिरजाचा जीव होता.

"ते जेवन होतं, झिंगू," तो म्हणाला. त्याचा आवाज इतका बारीक निघाला की झिंगूने पुन्हा विचारलं, काय. मग त्याने विड्याचं आणि पट्ट्यांचं सगळं सांगितलं. पट्टी तुटली की गाडी जागच्या जागी संपते, पुढे ढकलूनही जात नाही. झिंगू म्हणाला, "थांबा मंग, काड्या काढतो." पण तो मेकॅनिक होता, त्याला स्वतःलाच ठाऊक होतं. काड्या आत ठोकलेल्या, वर तापलेलं इंजिन. तासभर गाडी थंड केल्याशिवाय तिथे हात जाणार नव्हता. आणि तापलेली बेडकी बंद केली तर ती परत सुरू होईल, याचा भरवसा डॉक्टरांनाही नसायचा.

झिंगू मागे रडायला लागला. गिरजाबाई मान न वळवता म्हणाली, "रडू नको. तुले का मालूम." मग ती वारलूला म्हणाली, "तुमी चालवा."

तो चालवत होता. काटा आता तीसवर आला होता, कारण त्याला वाटत होतं हळू गेलं तर पट्ट्या कमी घासतील. भीती त्याला चुकीच्या दिशेने अक्कल शिकवत होती. हळू गेलं तर गाडी वाचत होती आणि बायको जात होती. जोरात गेलं तर गाडी जाणार आणि जंगलात गाडीबरोबर बायको. पुढे एक राजदूत फटफटी चालली होती, कुणी शाळामास्तर, डोक्यावर प्लॅस्टिकची पिशवी बांधून. तिच्या नळीतून भकाभक निळा धूर निघत होता आणि उघड्या काचेतून तो वारलूच्या नाकात शिरला.

तोच वास. रोज सकाळचा, अंगणातला.

मास्तरची फटफटी ऑइल कुठून जाळते? तिला कुठली नळी? पेट्रोल भरताना टाकीतच ऑइल ओततात ते. पेट्रोलबरोबर आत जातं, जिथे पाहिजे तिथे पोचतं. ब्रह्मपुरीच्या पंपावर दर रविवारी समोर पाहत होता तो, दहा राजदूत आणि दहा लुना, माप भरून ऑइल, मग पेट्रोल, मग फटफटी दोन्ही हातांनी हलवायची. वारलूने आयुष्यात पहिल्यांदा विनाकारण वाटावा असा हॉर्न दाबला आणि दाबूनच धरला. मास्तर घाबरून रस्त्याच्या कडेला उतरला.

वारलूने गाडी थांबवली, बंद केली नाही. "मास्तर, पाच लिटरले किती ऑइल टाकता?"

मास्तरने गाडीत पाहिलं, बांधलेला पाय पाहिला आणि स्वतःच्या डिकीतून छोटं प्लॅस्टिकचं माप काढून दिलं. "हे एक."

रविवारीच टाकी काठोकाठ भरलेली. आतापर्यंत जळलं ते वजा जाता पंचेचाळीस लिटर धरलं. झिंगूने डबा आणला. वारलूने ओतलेलं पहिलं माप निम्मं चिखलात गेलं. झिंगू म्हणाला, "डबाच ओता नं भाऊजी." वारलूने नाही म्हणून मान हलवली. जास्त झालं तर प्लग मरतील. त्याने नऊ मापं मोजून ओतली, आणि दहावं ओतलं ते भीतीचं. मग हलवायचं कसं? फटफटी हलवता येते. मास्तर, झिंगू आणि तो, तिघांनी गाडीची मागची बाजू धरून तिला खालीवर हेलकावे दिले, आत गिरजाबाई बसलेली असताना. ती डोळे मिटून म्हणाली, "पाळना हालवता का?"

एक मैल गेला. दोन गेले. मग आरशात, अगदी बारीक, दुधात नीळ पडल्यासारखा धूर दिसला.

तेव्हाच वारलूने बायकोकडे नीट पाहिलं. ती पदराने ओठ पुसत होती आणि पदराची ती बाजू चटकन मुठीत लपवत होती. मुठीतून लाल दिसत होतं. पान खाल्ल्यासारखं. गिरजाबाईने जन्मात पान खाल्लं नव्हतं.

"दाखव," तो म्हणाला.

"काई नाई. तुमी पुढं पाहा."

हिरड्यांतून रक्त येत होतं, आणि ती ते त्याच्यापासून लपवत होती, कारण तो भिईल. तीस वर्षं ती हेच करत आली होती. घरात साप निघाला की आधी याला बाहेर पाठवायची. वारलूला हे त्या क्षणी इतकं स्पष्ट दिसलं की त्याला आपली लाज वाटली, आणि लाजेपेक्षा मोठी भीती वाटली, आजवरच्या सगळ्या भीत्या एकत्र केल्या तरी लहान ठरतील एवढी. त्याने पाय खाली दाबला.

काटा साठवर गेला, सत्तरवर गेला. गाडी आधी खोकली, तिने मागून काळा धूर सोडला, डॉक्टर गेल्यापासूनची काजळी, आणि मग तिचा आवाज बदलला. घरघर थांबली आणि एक सरळ, उंच सूर लागला. खड्डे ती आता चुकवत नव्हती, त्यांच्यावरून जात होती. मूल गाव कधी मागे पडलं ते कळलं नाही. चिचपल्लीच्या जंगलात रस्त्यावर रानडुकरांचा कळप होता. वारलूने ब्रेक मारला नाही, हॉर्नवर हात ठेवून गेला आणि डुकरं फुटली. तो मोठमोठ्याने काहीतरी बोलत होता. झिंगूला वाटलं मला म्हणतात. वारलू 'हो जी डॉक्टरसाहेब, पळवली, हो जी' असं म्हणत होता. आणि मग डॅशबोर्डातून तो भोंगा केकाटायला लागला, बास, बास. याने पाय काढला नाही. डोळे त्याने या वेळी मिटले नाहीत, एवढंच. भीती तशीच होती, दातावर दात वाजत होते, आणि गाडी शंभरच्या पुढे होती.

साडेबाराला ते चांद्याला दवाखान्याच्या आवारात शिरले. स्ट्रेचर आलं. गिरजाबाईचा हात थंड होता. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, पण गोंधळल्या नाहीत. काचेच्या नळीत रक्त घेऊन त्यांनी ते टेबलावर उभं ठेवलं. "हे गोठलं पाहिजे," त्या म्हणाल्या. "नाही गोठलं तर औषध देत राहू. मूत्रपिंडावर गेलं तर मात्र नागपूरला न्यावं लागेल. गाडी आहे का तुमच्याकडे?"

"आहे जी," वारलू म्हणाला, आणि पळत बाहेर गेला.

गाडी चालूच होती. ती त्याने बंद केली नाही. बंद केली आणि परत सुरू झाली नाही तर नागपूरला कसं न्यायचं? बॉनेट उघडून तो तिच्यापाशी उभा राहिला. एक वाजला, दोन वाजले. झिंगू आत-बाहेर करत होता. पहिली नळी गोठली नाही. दुसरीही नाही. बेडकी बायकांच्या वॉर्डाच्या खिडकीखाली गुरगुरत होती आणि आवारात निळा धूर साचला होता. वारलू दर अर्ध्या तासाने ऑइलची कांडी काढून पाहायचा, त्याला दुसरं काही करता येत नव्हतं. पंप शंभर पावलांवर होता. गाडी सोडून जायची नाही म्हणून पेट्रोल तो झिंगूला पाठवून डब्यात आणवायचा, माप टाकायचा, टाकीत ओतायचा. चौकीदार दोनदा येऊन खोकून गेला. तिसऱ्यांदा म्हणाला, "ओ भाऊ, बंद करा नं. तुमची गाडी ऑइल खाऊन राह्यली. इंजिनाचं काम काढा."

"खाऊन नाई," वारलू म्हणाला. "जेवून राह्यली."

चौकीदाराने त्याच्याकडे पाहिलं आणि तो पुन्हा आला नाही.

साडेपाचला झिंगू धावत आला. त्याने दोन बोटं जुळवून दाखवली. रक्त गोठलं होतं. डॉक्टरीणबाई मागून आल्या, म्हणाल्या, लघवी पण साफ आहे, नागपूरला न्यायची गरज नाही, आणि आता कृपा करून ही गाडी बंद करा.

वारलूने किल्ली फिरवली. सूर उतरत उतरत थांबला. आवारात कावळे ओरडत होते हे तेव्हा पहिल्यांदा ऐकू आलं. तो गाडीला टेकून उभा राहिला.

दोन मिनिटांत नर्स बाहेर आली. "वारलू कोण? त्या बाई तुम्हाला बोलावताहेत. उठून बसायला लागल्या, झोपवा त्यांना."

गिरजाबाई खरंच हातावर भार देऊन उठत होती. सलाइनची नळी ताणली गेली होती. चेहरा पांढरा. वारलूने तो चेहरा तीस वर्षांत पाहिला नव्हता, कारण त्यावर भीती होती.

"गाडी काऊन बंद केली?" ती म्हणाली.

"डॉक्टरीणबाईनं सांगतलं. तू बरी झाली मनून."

"मले नाई ना मालूम." तिचा श्वास लागला होता. "खिडकीतून आवाज येऊन राह्यला होता. डोळे मिटले तरी येत होता. मले वाटे, तुमी हाये भायेर, जवर हे घरघर हाये तवर मी काई मरत नाई. अन् एकदम बंद झाली. मले वाटलं, संपलं."

वारलू पळत बाहेर गेला. किल्ली फिरवली. बेडकीने दोनदा मान टाकली आणि गप्प राहिली. पुन्हा फिरवली. काही नाही. जी भीती त्याने अकरा वर्षं रोज सकाळी कांडी पुसून पुसून दूर ठेवली होती, ती येऊन समोर उभी राहिली होती, आणि त्याला तिच्याकडे बघायला वेळ नव्हता. तो परत वॉर्डात आला.

"सुरू नाई होत," तो म्हणाला. "थंड झाल्यावर होईन. नाई त नाई होणार."

गिरजाबाईने उशीवर मान टेकली. डोळे मिटले, पण त्याचं बोट तिने मुठीत धरलं होतं. "मंग तुमी बोला," ती म्हणाली. "आवाज पायजे मले."

वारलूला बोलायची सवय नव्हती. घरात बोलणारी तीच. तो स्टुलावर बसला, घसा साफ केला, आणि त्याला सांगण्यासारखी एकच गोष्ट सुचली, जी त्याने कधी कुणाला सांगितली नव्हती.

"गिरजा, मले लय भेव वाटते."

"ठाव हाये," ती डोळे न उघडता म्हणाली. "कायचं कायचं, ते सांगा."

तेव्हा वारलूने पहिल्यापासून सुरुवात केली. विहिरीपासून. लहानपणी बापाने एकदा विहिरीतली कासवं दाखवायला धरून वाकवलं होतं, ते. मग चपलांचं. मग पेन, पोलीस, पाटलाच्या दारातला गिअर. एकामागून एक, न थांबता, एकाच सुरात. मधे तिची मूठ सैल झाली आणि झोप लागली असं वाटून तो थांबला.

"चालू ठेवा," गिरजाबाई म्हणाली.